सावळ्या मी ठेवत नाही

फोन वाजला तेव्हा मी गल्ल्यामागे बसून लसूण सोलत होते आणि बाबा खाणावळीच्या दारात उभे राहून धुकं बघत होते. आंबोलीत दसऱ्यानंतरही सकाळी असं धुकं उतरतं की समोरचा एसटीचा थांबा नाहीसा होतो. धुकं आलं की आमच्या फोनमध्ये पलीकडे कुणीतरी भजी तळत असल्यासारखा आवाज यायचा. तरी बाबा धावत आले. कोल्हापूरच्या इंगळ्यांचा फोन यायचा होता.

“हो, गवसच बोलतोय,” बाबा एका कानावर हात दाबून म्हणाले. “कोण? कोल्हापूरहून इंग... हां हां, बोला वहिनी. तुमचीच वाट बघत होतो.”

मग त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. चेहरा खुलत गेला.

“जरूर या. रविवारीच या. बघितल्याशिवाय कुणी ठरवतं का? रंग? काळी आहे. नाही नाही, सावळी नाही. सावळ्या मी ठेवत नाही. काळी म्हणजे काळी, तव्याच्या बुडासारखी.”

मी लसूण सोलत राहिले. ही बोलणी आमच्या घरात रोजचीच होती.

“फोटोवर जाऊ नका, वहिनी. फोटोत ती फिकी दिसते. उंची बेताचीच आहे, पण तोंड चांगलं मोठं आहे. ओठ लालभडक. पोटाला मध्ये जरा फुगीर, पण तेच तिला शोभतं.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“खाण्यापिण्याचा काही त्रास नाही. तिचं ती मिळवते. मी कधी काही घातलं नाही.” मग त्यांचा आवाज एकदम चढला. “लपवायचं? का लपवायचं? अहो, या रंगासाठी मी वर्षानुवर्षं खपलोय. ज्यांना फिकी हवी त्यांनी माझ्या दारात येऊच नये. आख्ख्या जिल्ह्यात हिच्या तोडीची दुसरी नाही, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.”

त्यांनी फोन ठेवला आणि शर्टाला हात पुसले.

“बाई फार समजूतदार आहेत,” ते म्हणाले. “शेवटी काही बोलल्याच नाहीत. नुसतं ‘येतो’ म्हणाल्या.”

“इंगळे स्वतः नाही बोलले?”

“कामात असतील. बायकोलाही नाद आहे म्हणजे घर चांगलं आहे.”

इंगळे हे माशा खाणारी झाडं जमवणारे गृहस्थ. बाबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, सगळी ओळख पत्रांवर. आणि ज्या काळीबद्दल हे सगळं चाललं होतं, ती आमच्या मागच्या शेडमधली घटपर्णी. या झाडाच्या पानाचं टोक वेलीसारखं लांबतं आणि त्याला एक सुरई लटकते, झाकणासकट. सुरईचा काठ गुळगुळीत असतो. मुंगी, माशी त्यावर बसली की घसरून आतल्या पाण्यात पडते आणि झाडाचं जेवण होतं. खूप वर्षांपूर्वी घाटात दरड कोसळली तेव्हा केरळचे एक रोपवाटिकावाले आमच्याकडे अडकून पडले होते. जाताना ते बाबांना दोन कुंड्या देऊन गेले. बाबांचं आयुष्य त्या दिवसापासून आमच्या हातातून गेलं, असं आई म्हणायची.

या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी, आणि ते कळतं फुलं आल्यावरच. आमची एक मादी निघाली आणि एक नर. पण एकीला श्रावणात फुलं यायची आणि दुसऱ्याला शिमग्याला. बाबा त्या दोन कुंड्यांकडे बघून असे उसासे टाकायचे की खाणावळीतली गिऱ्हाइकं घरात कुणी आजारी आहे का म्हणून चौकशी करायची. अखेर एका वर्षी दोघांना एकदम फुलं आली. माझा चित्रकलेचा ब्रश घेऊन बाबांनी नराचे पराग मादीवर फिरवले. त्या दिवशी आईला मिक्सर लावायची बंदी होती. का, ते कुणाला कळलं नाही.

बी धरलं. ते तुटलेल्या केसांसारखं दिसतं. कातळावरचं शेवाळ आणून त्यावर पेरलं आणि मग आम्ही वाट बघायला बसलो. पहिल्या सुरया जिऱ्याएवढ्या होत्या. पुढे वाढल्या तशा कुठे हिरव्या निघाल्या, कुठे तांबूस ठिपक्यांच्या, कुठे विटकरी. बाबांना त्यातून काळी हवी होती. निवडीचे त्यांचे नियम कडक होते. उन्हाने रंग चढतो, म्हणून एकाच रोपाला जास्त ऊन मिळता कामा नये. दर शनिवारी सगळ्या कुंड्यांच्या जागा मी बदलायच्या. आणि जुन्या सुरईवरून कधी ठरवायचं नाही.

“मरताना सगळ्याच काळ्या पडतात,” ते म्हणायचे. “उमलतानाच काळी निघाली पाहिजे.”

ज्या फिक्या निघायच्या त्या खाणावळीत उतरलेल्या पर्यटकांना वाटून टाकायचो. असं करता करता काळी म्हणावी अशी एकच उरली होती, तिच्यासाठी इंगळे येणार होते. आईला यातलं काहीच पटत नव्हतं. “झाडं माशा खातात म्हणता,” ती विचारायची, “मग माझ्या स्वयंपाकघरातल्या माशा कुणासाठी ठेवल्यात?”

आईपुढे दुसरं काम होतं, माझं लग्न. माझं नाव हेमलता. बारशाला कुणी माझ्याकडे नीट बघितलं नसावं. सावंतवाडीच्या स्टुडिओत आईने माझा फोटो काढून घेतला तेव्हा फोटोग्राफरने इतकी पावडर लावली आणि इतके दिवे सोडले की फोटोत माझ्या भुवया आणि कुंकू एवढंच आलं. तो फोटो कोल्हापूरच्या मामाकडे होता. लोक यायचे, मला बघायचे, सोलकढीची तारीफ करायचे आणि घरी जाऊन पत्रिका जुळत नाही असं कळवायचे. आई सगळ्यांना माझा रंग गव्हाळ सांगायची. ती तसं सांगायला लागली की बाबा उठून शेडमध्ये जायचे.

रविवारी खाणावळीत धबधबा बघायला आलेल्यांची गर्दी होती. आई वडे तळत होती. मी बाबांचा जुना रेनकोट घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून शेडमध्ये होते. काळीची नवी सुरई त्याच सुमाराला उमलत होती, झाकण नुकतं सुटत होतं. पाहुण्यांना नीट दिसावी म्हणून कुंडी उचलून मधल्या टेबलावर आण, असं बाबा सांगून गेले होते. कुंडी छातीशी धरून मी वळले, तेवढ्यात ते पाहुण्यांना घेऊन आलेच. चहासुद्धा विचारला नव्हता.

पुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या. इरकली साडी, ठसठशीत कुंकू, आणि रंगाने माझ्यापेक्षाही काळ्या. मागे त्यांचा मुलगा, आईच्याच रंगाचा, उंच, चष्म्याचा, शेवाळावरून जपून पाय टाकत येणारा. बाईंच्या थोरल्या दिरांना घाटात गाडी लागली होती, ते जीपमध्येच आडवे होते.

“बघा,” बाबा म्हणाले. “हीच ती.”

बाईंनी बघितलं. घाई न करता, पायापासून डोक्यापर्यंत. कुंडीपेक्षा त्यांची नजर जरा जास्तच वर जातेय असं मला वाटलं, पण झाडांच्या नादातली माणसं मी कमी का पाहिली होती?

“तोंड काही एवढं मोठं नाही हो,” त्या म्हणाल्या. “फोनवर तुम्ही उगाच घाबरवलंत.”

“अजून पुरतं उघडलेलं नाही,” बाबा म्हणाले. “चार दिवसांनी बघा.”

“आणि पोट म्हणालात, तेही दिसत नाही.”

“ते खालून बघावं लागतं. वाका जरा.”

बाई वाकल्या नाहीत. मुलाने चष्मा काढून पुसायला घेतला.

“बरं, नाव काय?” बाईंनी विचारलं.

“नाव अजून ठेवलेलं नाही. म्हटलं, तुम्ही आल्यावर तुमच्या विचारानं ठेवू.”

“लग्नात बदलायचं ते बदलू की. पण इतकी वर्षं हाक कशी मारता?”

“हाक?” बाबा गोंधळले. “हाक कशाला मारायची? कुंडीला नंबरची पट्टी आहे.”

त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोल्हापूर, मामा, फोटो, रंग. फोनवरचं एकेक वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. तव्याचं बूड. लालभडक ओठ. तिचं ती मिळवते. कुंडी माझ्या हातून निसटता निसटता राहिली.

“बाबा,” मी म्हटलं, “हे इंगळे नव्हेत.”

“इंगवले,” बाई म्हणाल्या. “सरोजिनी इंगवले. हा माझा रणजित. हिच्या मामांनी तुमचा नंबर दिला. तुम्हाला कळवतो म्हणाले होते.”

मामाचं कार्ड मंगळवारी पोचलं.

बाबांनी माझ्या हातून कुंडी घेतली, टेबलावर ठेवली आणि शेडच्या खांबाकडे बघत सगळं सांगितलं. इंगळे कोण, घटपर्णी काय, धुक्यात फोन कसा होतो. ‘पोट फुगीर’ या शब्दांशी आल्यावर रणजितने तोंड फिरवलं आणि त्याला जोरात खोकला आला. सरोजिनीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक पालथी बादली ओढली आणि तिच्यावर बसल्या.

“म्हणजे सावळ्या ठेवत नाही म्हणालात, ते झाडांचं.”

“हो.”

“लपवायचं कशाला, तेही झाडाचंच.”

“हो.”

“आणि आख्ख्या जिल्ह्यात हिच्या तोडीची नाही.”

“तेही,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला होता.

बाईंनी मान हलवली. “माझे वडील मला बघायला येणाऱ्यांना दिवेलागणीचीच वेळ द्यायचे. कंदील माझ्या पाठीमागे ठेवायचे. एकदा पाहुणे लवकर आले, तर मला अंधार पडेपर्यंत गोठ्यात बसवून ठेवलं. म्हशीशेजारी बसवलं की मी गोरी दिसेन, असं माझा भाऊ म्हणाला. तुमच्याशी बोलून फोन ठेवला आणि मी याला म्हटलं, पोरगी तुला पसंत पडो न पडो, त्या बापाला मला एकदा बघायचंय.”

तेवढ्यात आई धावत आली. पाहुणे कोण आहेत हे तिला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं होतं. तिने मला त्या रेनकोटात बघितलं आणि वड्याच्या पिठाच्या हातांनीच माझं तोंड पुसलं. एका गालावर पीठ तसंच राहिलं.

“शेडमध्ये उजेड कमी पडतो हो,” ती धापा टाकत म्हणाली. “बाहेर आणली की गव्हाळ दिसते.”

सरोजिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या बाबांकडेच बघत होत्या.

“गवसभाऊ, एक विचारू? मी पोरीबद्दल विचारतेय हे तुम्हाला तेव्हा कळलं असतं, तर काय सांगितलं असतंत?”

बाबांना खोटं बोलायला बराच वेळ मिळाला होता. त्यांनी काळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काळीकडे.

“गव्हाळ,” ते म्हणाले.

रणजितचा खोकला थांबला. मला राग आला असं म्हणता येणार नाही. काहीतरी घट्ट बांधलेलं सुटल्यासारखं झालं. मी रेनकोट काढून खिळ्याला अडकवला, डोक्याचा टॉवेल सोडला आणि त्याने गालावरचं पीठ पुसलं.

“मी काळी आहे,” मी म्हटलं. “बाहेर उजेडात उभी राहते, नीट बघून घ्या. आणि तोंड मोठं आहे, ते फोनवर चुकून खरं सांगितलं गेलं.”

मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. धुकं विरलं होतं, चांगलं ऊन पडलं होतं. माझ्यामागून सगळे बाहेर आले आणि काय करावं ते न कळून माझ्याभोवती उभे राहिले. आई सगळ्यात मागे, डोळ्यांना पदर लावून.

फाटक उघडून एक किडकिडीत गृहस्थ आत आले ते त्या वेळी. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, खांद्याला झोळी. फाटकाजवळ आईच होती, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं, “गवसांचं घर हेच ना? रंग कसा आहे हो?”

“गव्हाळ,” आई मागे न बघता म्हणाली.

गृहस्थ जागच्या जागी थांबले. “मग उगाच एवढा घाट चढलो,” असं स्वतःशी म्हणाले आणि माघारी वळले.

बाबांना इतकं जोरात पळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी इंगळ्यांना एसटीच्या थांब्यावरून दंडाला धरून परत आणलं. फोन लागेना म्हणून ते न कळवता थेटच आले होते.

इंगळे शेडमध्ये आले ते संशय घेऊनच. त्यांनी सुरई भिंगाखाली धरली, झाकण उचललं, आतली भिंत बघितली, उजेडाकडे धरून बघितली. मग बाबांना म्हणाले, “खरं सांगा. उन्हात भाजून काळी केलीत ना?”

“हिला विचारा,” बाबा म्हणाले. “कुंड्या ही हलवते.”

मी सांगितलं की ही सुरई धरली तेव्हा कुंडी मागच्या फळीवर होती, तिथे दुपारीसुद्धा सावली असते. आणि धरली तेव्हापासून ती याच रंगाची आहे. इंगळ्यांनी मागची फळी बघितली. तिथे हात फिरवून ओल बघितली. मग भिंग खाली सोडलं.

“मग ही खरी काळी आहे,” ते म्हणाले. “अशी मी कुठेच पाहिली नाही.”

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते बाबांना मिळालं होतं, पण ते नुसते उभे होते. इंगळ्यांनी झोळीतून कोरी पट्टी आणि पेन्सिल काढली. “मला हिची एक फांदी द्या. नाव काय लिहू?”

“गव्हाळ,” बाबा म्हणाले.

“थट्टा करताय.”

“थट्टा नाही. तेच लिहा. एक पट्टी मलाही लिहून द्या, इथे लावायला. मला रोज दिसली पाहिजे.”

इंगळ्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाळीपाळीने बघितलं आणि मुकाट्याने लिहिलं. सरोजिनीबाई पहिल्यांदा हसल्या तेव्हा. एकदा लागल्यावर त्यांना ते आवरेना. बादलीवर बसून, पदराने डोळे पुसत त्या किती तरी वेळ हसत होत्या, आणि त्यांचं बघून आईसुद्धा, आपण का हसतोय हे न कळता, हसायला लागली.

दुपारी सगळे जेवायला बसले. थोरले दीरही जीपमधून उठून आले आणि कोंबडी-वड्यांवर असे तुटून पडले की त्यांना मुळी काही लागलंच नव्हतं. मी नेहमीसारखी वाढायला उठले, तर सरोजिनीबाईंनी मला खाली बसवलं. “आज भाऊ वाढतील,” त्या म्हणाल्या. बाबांनी वाढलं. निम्मा रस्सा इंगळ्यांच्या मांडीवर गेला.

“आमचा रणजित कसा वाटला?” बाईंनी मला विचारलं. माझं मत कुणी विचारेल याची मला सवय नव्हती.

“अजून नीट बघितला नाही.”

“मग बघ की. समोरच बसलाय.”

मी बघितलं. तो वडा तोडून रश्श्यात बुडवत होता. माझी नजर जाणवल्यावर त्याने मान वर केली.

“एक विचारू?” तो म्हणाला. “त्या हिरव्या तुम्ही वाटून टाकता म्हणे.”

“हो. फिक्या ठेवत नाही.”

“दाराजवळच्या कुंडीत एक आहे. तिच्या सुरईत एक छोटा बेडूक बसलाय. तो नुसताच बसतो की पडलाय?”

“बसतो. माशा येतात त्या तो मधल्यामध्ये खातो. बाबांना त्याचा राग आहे.”

“ती मला मिळेल का? बेडकासकट?”

“अरे, आपण काळी बघायला आलोय,” त्याची आई म्हणाली.

“मी बघितली की,” तो म्हणाला. “पण बेडूक त्या हिरवीत आहे.”

ती कुंडी मी त्याला दिली. बेडूक कोल्हापुरात किती दिवस टिकतो ते बघायला म्हणून मग मी आणि मामा एकदा त्यांच्याकडे गेलो. बेडूक मजेत होता, झाड मरायला टेकलं होतं. ते आंबोलीला परत आणावं लागलं, त्याला घेऊन रणजित आला, मग झाड बरं होतंय का ते बघायला पुन्हा आला. अशा फेऱ्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालल्या. शेवटी सरोजिनीबाईंनी फोन करून विचारलं की तुमचं झाडाचं चाललंय की लग्नाचं, तेव्हा मी लग्नाचं म्हणून सांगितलं.

लग्न कोल्हापूरला झालं. आईने कुणाचं न ऐकता सावंतवाडीहून ब्यूटी पार्लरवाली बोलावली होती. सकाळी ती तिची पेटी उघडून माझ्यासमोर बसली, डब्या मांडल्या आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी त्या डब्या बघितल्या, एकेक झाकण लावलं, सगळ्या पेटीत भरल्या आणि पेटी पार्लरवालीच्या हातात दिली.

“हिचं झालंय,” त्या म्हणाल्या. “तू एवढ्या लांबून आलीयेस तर रिकामी जाऊ नकोस. पलीकडच्या खोलीत रणजित आहे, त्याचं तोंड आवर.”

आईच्या डोळ्यांदेखत ती पलीकडच्या खोलीत गेली, आणि आपण एवढ्या लांबून आलोय हे तिने मनावर घेतलं. रणजित खुर्चीत बसून राहिला.

अंतरपाट दूर झाला तेव्हा मला हार घालायचं भान राहिलं नाही. माझी मालवणची मावशी माझ्या पाठीशीच उभी होती. तिने त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. ती पुढे वाकली आणि माझ्या कानाशी लागली.

“हेमा,” ती म्हणाली, “नवरो किती गोरो गावलो गो तुका.”